गोड मिरची

आमच्याकडं चटणी म्हणजे ताटाच्या कडेला बोटभर वाढायची खोबऱ्याची चटणी नव्हे. चटणी म्हणजे वर्षाचं तिखट. भाजलेल्या मिरचीत कांदा, लसूण, आलं, कोथिंबीर, सुकं खोबरं, तीळ, धणे, जिरं आणि मूठभर गरम मसाला घालून कुटलेलं, तेलानं ओलसर झालेलं, लालभडक. कालवणात तेच आणि भाकरीवरही तेच. "घरात चटणी हाय न्हवं?" असं आज्जी विचारायची, तेव्हा तिला घरात जेवायला काही आहे का, हेच विचारायचं असायचं. दुसरं काही नसलं तरी चटणी, तेल आणि भाकरी एवढ्यावर माणूस रानात दिवस काढत असे.

गाव हिरण्यकेशीच्या काठचं, गडहिंग्लज तालुक्यातलं. काळी जमीन, आणि त्या जमिनीत संकेश्वरी मिरची. लांब, बारीक, वाळली की गडद लाल होणारी. थंडीत तोडा सुरू झाला की घरापुढचं अंगण, धाब्याचं छप्पर, खळं, सगळीकडं मिरच्याच पसरलेल्या असत. आबा गाडीत पोती भरून गडहिंग्लजच्या बाजारात न्यायचे. विकून उरलेली, मोडकी, थोडी डागाळलेली मिरची आमच्या वाट्याला. फाल्गुन सरता सरता आई, आज्जी आणि माझी थोरली बहीण, आक्का, तिघी देठ खुडायला बसायच्या. हातांची आग व्हायची म्हणून आई आधी तेल चोळायची. त्या हातानं चुकून डोळ्याला हात लागला की आक्का थयथयाट करायची आणि आज्जी म्हणायची, "मिरची रडवती गं, पर उपाशी ठिवत न्हाई."

१९७२ साली पावसानं ओढ दिली. सोलापूर-मराठवाड्यासारखी आमची दैना झाली नाही, पण त्या साली मिरची निम्मीसुद्धा हाती आली नाही. पुढच्या उन्हाळ्यात, १९७३ च्या मे महिन्यात, आक्काचं लग्न झालं. तिला सोळा सरून सतरावं लागलं होतं. घरातलं एक तोंड कमी होईल, हा हिशेब कुणी बोलून दाखवला नाही, पण तो होता. आणि जूनमध्ये मला पाचवीला कोल्हापूरच्या बोर्डिंगात घातलं. गावात चौथीपर्यंतच शाळा होती, आणि मास्तर आबांना म्हणाले होते, "पोरगं हुशार हाय, ह्याला हितं कुजवू नगा."

एका महिन्यात दोन लेकरं घराबाहेर पडली. त्या साली कुटलेली थोडकी चटणी आईनं दोन डालड्याच्या डब्यांत भरली. एक डबा आक्काबरोबर आजरा तालुक्याच्या वरच्या अंगाला गेला, पावसाच्या, भाताच्या मुलखात. दुसरा माझ्या पत्र्याच्या ट्रंकेत, चादरीत गुंडाळून.

*

गडहिंग्लजहून संकेश्वर, निपाणी करत एस.टी. कोल्हापूरला जायची. अंतर काही फार नव्हे, सत्तर किलोमीटरच्या आतबाहेर. पण अकरा वर्षांच्या पोराला ते सात समुद्रांएवढं. आबा मला बोर्डिंगात सोडून, कॉट दाखवून, डोक्यावरून हात फिरवून परत फिरले. वळून बघितलं नाही. ते का बघितलं नाही, हे मला बाप झाल्यावर कळलं.

पहिले आठ दिवस नव्याच्या नवलाईत गेले. मग रात्री झोप येईना. दिवे गेले की बाकीची पोरं घोरायला लागायची आणि मी डोळे टक्क उघडे ठेवून पडायचो. गोठ्यातल्या म्हशीच्या गळ्यातली घंटा ऐकू येते आहे असं वाटायचं. पहाटे उठायचं म्हटलं की डोकं जड. जेवणात मन लागेना. बोर्डिंगातली आमटी पातळ, तिला ना रंग ना वास. मी ट्रंक उघडून डब्याचं झाकण नुसतं सैल करायचो आणि वास घ्यायचो. मग बोटभर चटणी तोंडात टाकायचो. तोंड पोळलं की डोळ्यांतून पाणी यायचं आणि ते कशाचं आहे, हे कुणाला सांगावं लागायचं नाही. एवढी सोय त्या चटणीत होती.

महिन्याभरात माझे गाल लालबुंद दिसायला लागले. पोरं म्हणायची, "ह्यो तर टमाटा झालाय." ताप आहे की काय म्हणून सुपरिटेंडंट सरांनी कपाळाला हात लावून बघितलं. ताप नव्हता. दोनदा मी न सांगता एस.टी. स्टँडपर्यंत जाऊन गडहिंग्लजची गाडी लागलेली बघून परत आलो होतो. तिसऱ्या खेपेला सरांनी मला तिथंच गाठलं. मारतील असं वाटलं होतं. त्यांनी मारलं नाही. हाताला धरून एका बोळातल्या जुन्या वाड्यात नेलं.

तिथं एक वयस्कर डॉक्टर बसायचे. धोतर, काळी टोपी, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. पाठीमागच्या कपाटात बुचं लावलेल्या बाटल्यांच्या ओळीच्या ओळी. सुई नाही, औषधांचा उग्र वास नाही. आत येताना मला धडकी भरली होती, ती जरा उतरली.

"काय होतंय, बाळ?"

मी गप्प.

"पोटात दुखतं?"

"न्हाई."

"रात्री झोप येते?"

"न्हाई."

"जागा असतोस तेव्हा काय आठवतं?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. गावातून निघालो तेव्हापासून सगळे सांगतच होते. शहाण्यासारखा राहा, अभ्यास कर, रडू नकोस, आबाचं नाव काढ. काय आठवतं, हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगायला लागलो. म्हैस, नदीचा घाट, आज्जीचं खोकणं, अंगणातल्या मिरच्या. मग डॉक्टरांनी विचारलं, "घरात अजून कोण कोण?" मी म्हणालो, "आक्का हुती. ती बी गेली." आणि तिथं मला जे रडू फुटलं, ते आवरेना.

डॉक्टरांनी रडू दिलं. सर खिडकीबाहेर बघत उभे राहिले. मग डॉक्टरांनी एका मोठ्या वहीत बरंच काहीतरी लिहिलं. खायला काय आवडतं विचारलं. मी चटणीचं सांगितल्यावर ते थोडं हसले आणि सरांना म्हणाले, "पंधरा दिवस याचा तो डबा तुमच्याकडं ठेवा. कांदा, लसूण, हिंग, कॉफी, काही नको. औषधाला मारक होतं." मग साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्यांवर बाटलीतले थेंब टाकून त्यांनी कागदाच्या पुड्या बांधल्या. सकाळी उठल्यावर चूळ भरून एक पुडी जिभेवर ठेवायची, पुढं अर्धा तास काही खायचं नाही.

निघताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "घरची आठवण येणं हे दुखणंच असतं, बाळ. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. बरं होतं ते."

गोळ्या गोड होत्या. मला तर ते औषध वाटेचना. पण तीन-चार दिवसांनी एका रात्री मी झोपलो, तो सकाळची घंटा झाली तेव्हाच उठलो. पंधरा दिवसांनी गाल निवळले. घराची आठवण गेली असं नव्हे, पण ती आता छातीवर बसत नव्हती. शेजारच्या कॉटवरचा कागलकडचा पोरगा दोस्त झाला. सर संध्याकाळी एकदा तरी विचारून जायचे, "काय, झोप लागली का?" डबा परत मिळाला तेव्हा मी तो त्या पोराबरोबर वाटून खाल्ला.

पुड्यांतली शेवटची एक मी खाल्ली नाही. पुन्हा दुखणं आलं तर असावी, म्हणून वहीच्या पानात घडी करून ठेवली.

*

पंचमीला दोन दिवसांची सुट्टी काढून मी गावी गेलो. आक्काची पहिली पंचमी. आखाडात तिला आणायला गेलेल्या आबांना सासरच्यांनी भाताच्या रोपलावणीचं कारण सांगून परत लावलं होतं, त्यामुळं लग्नानंतर ती आता पहिल्यांदाच माहेरी येत होती.

मी तिला बघून बावरलो. हडकली होती. डोळे आत गेलेले आणि गाल लालसर. शेजारच्या बाया तिचे गाल बघून म्हणाल्या, "सासर मानवलंय की गं तुला." आक्का हसली. तिचा आवाज घोगरा झाला होता आणि बोलता बोलता तिला ठसका लागत होता. झाडाला झोके बांधले होते, पोरी फेर धरून होत्या, पण ती झोक्यावर फारशी बसली नाही. पंचमीला आमच्यात तवा चुलीवर ठेवत नाहीत, चिरायचं नाही, कापायचं नाही. आईनं पुरणाचे दिंड उकडले होते. आक्कानं एकच खाल्ला.

रात्री सोप्यात आम्ही दोघं जवळजवळ झोपलो, लहानपणी झोपायचो तसे. मध्यरात्री मला जाग आली. ती डोळे उघडे ठेवून आढ्याकडं बघत होती.

"आक्का, झोप येत न्हाई तुला?"

"येती की. झोप तू."

"मला बी येत नव्हती. महिनाभर. गाल बी असंच लाल झालंतं."

मग ती माझ्याकडं वळली आणि हळूहळू सांगायला लागली. तिकडं पाऊस थांबतच नाही. चुलीतली लाकडं ओली, घरभर धूर. दोन्ही वेळा भात. सुरुवातीला भाकरीसाठी जीव तुटायचा. आईनं दिलेला चटणीचा डबा सासूनं पहिल्याच दिवशी घरातल्या मोठ्या बरणीत रिकामा केला. त्यात वाईट काही नव्हतं, घर एकच होतं, पण तिला तो डबा नुसता जवळ हवा होता. रात्री झोप येईना. दिवसा काम करताना ती खाचराच्या बांधावर उभी राहून आजऱ्याकडं जाणाऱ्या वाटेकडं बघत राहायची. जेवण सुटलं. सासूनं आधी मिरच्या, मीठ, मोहरी घेऊन दृष्ट काढली. मिरच्या चुलीत टाकल्या, तर म्हणे वासच आला नाही, म्हणजे दृष्ट कडक. शेजारणी म्हणाल्या, बाहेरचं लागलंय. मग अमावास्येला एक देवर्षी आणला. घमेल्यात निखारे, निखाऱ्यांवर मूठभर लाल मिरच्या. तिचं डोकं वर धरून अंगावरनं घोंगडं टाकलं. "कोण हाईस, सांग" म्हणून विचारत राहिले.

"मग?"

"मी काय सांगणार? मीच हुते की."

हे सांगताना तिला रडू आलं नाही. ठसका मात्र आला, आणि तो बराच वेळ थांबला नाही.

मला काय बोलावं सुचेना. अकरा वर्षांचा मी. डॉक्टरांचं वाक्य तेवढं मला पाठ होतं. मी म्हणालो, "आक्का, घरची आठवण येणं हे दुखणंच असतंय. डॉक्टरनी सांगितलंय. त्यात लाज वाटायचं न्हाई. औषध हाय त्याला." आणि अंधारात ट्रंक चाचपून वहीच्या पानातली ती पुडी काढली. तिच्या हातावर ठेवली. तिनं गोळ्या जिभेवर टाकल्या.

"गोड हाय की रं," ती म्हणाली. "काय हाय ह्यात?"

"औषध."

तेवढ्यात मधल्या दारात कंकणं वाजली. आई तिथं कधीपासून उभी होती, कुणास ठाऊक. ती आत आली, आक्काचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि सकाळपर्यंत तिथंच होती. एक शब्द बोलली नाही.

सकाळी मात्र बोलली. आबांच्या पुढ्यात चहाची कपबशी ठेवत म्हणाली, "पोरगी आत्ता जायची न्हाई." आबा म्हणाले, "लोक काय म्हणतील?" आई म्हणाली, "लोकांनी मिरच्या जाळल्या न्हाईत त्यांच्या पोरीवर." आमच्या घरात आई आबांना असं कधी बोलली नव्हती. आबांनी चहा तसाच ठेवला, डोक्याला पटका गुंडाळला आणि त्याच पावसात आजऱ्याची गाडी धरली. तिथं काय बोलणं झालं, ते त्यांनी मरेपर्यंत सांगितलं नाही. आक्का दसऱ्यापर्यंत माहेरी राहिली. दसऱ्याला दाजी स्वतः न्यायला आले. खालमानेनं आले, दोन दिवस राहिले आणि आईच्या हातची चटणी-भाकरी मागून खाल्ली. त्यानंतर दर महिन्याला घरातलं कुणी ना कुणी आक्काकडं जाऊन यायचंच. नेमच झाला.

आणखी एक झालं. त्या पंचमीपासून आमच्या आईनं दृष्ट काढताना मिरची हातात घेतली नाही. मीठ आणि मोहरी, एवढंच. मिरचीशिवाय दृष्ट उतरत नाही, असं आज्जी म्हणायची. आई म्हणायची, "न्हाई उतरली तर ऱ्हाऊ दे."

*

शिकून मी मास्तर झालो आणि कोल्हापुरातच नोकरीला लागलो. १९८६ च्या सुमारास एकदा सहज त्या बोळात गेलो. वाडा होता, डॉक्टरही होते. खूप थकले होते, पण डोळ्यांत तीच उत्सुकता. मी ओळख सांगितली. ते उठले आणि कपाटाच्या खालच्या खणातून जुन्या वह्या काढून बसले. अर्धा तास शोधाशोध केली. मग एक पान माझ्यापुढं धरलं. शाई फिकट झाली होती.

"वय ११. गाल लाल, ताप नाही. रात्री जागरण. घरची ओढ. बहिणीचा विषय निघताच रडला. कॅप्सिकम ३०."

"कॅप्सिकम म्हणजे?" मी विचारलं.

"मिरची," डॉक्टर म्हणाले. "आपली लाल मिरची."

मी हसायलाच लागलो. माझा चटणीचा डबा काढून घेऊन या माणसानं मला मिरचीच खायला घातली होती! मग त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. जर्मनीतले डॉक्टर सॅम्युएल हानेमान १७९० मध्ये एका स्कॉटिश वैद्याच्या ग्रंथाचं भाषांतर करत होते. त्यात सिंकोनाच्या सालीबद्दल वाचून त्यांनी ती स्वतः खाऊन बघितली. हिवतापावर देतात ती साल निरोगी माणसानं खाल्ली, तर त्याला हिवतापासारखीच लक्षणं होतात, असं त्यांना वाटलं. त्यावरून त्यांनी नियम बसवला: जे द्रव्य निरोगी माणसात जी लक्षणं उठवतं, तेच अगदी सूक्ष्म करून दिलं तर ती लक्षणं बरी करतं. काट्यानं काटा. मिरचीही त्यांनी अशीच तपासली. घराच्या ओढीनं झुरणं, झोप न लागणं, गाल लाल होणं, ही मिरचीची खूण म्हणून होमिओपॅथीच्या ग्रंथांत आजही सापडते.

घरी येऊन मी त्यावर मिळेल ते वाचलं. डॉक्टरांवर माया होती, पण मी विज्ञान शिकवणारा माणूस. तीस क्रमांकाचं औषध म्हणजे मिरचीच्या अर्काचा एक भाग नव्व्याण्णव भाग पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये मिसळायचा, हलवायचा, त्यातला एक भाग घेऊन पुन्हा तसंच, असं तीस वेळा. एकावर साठ शून्यं एवढं ते पातळ होतं. बाराव्या पायरीच्या पुढं मूळ द्रव्याचा एक रेणूसुद्धा सापडण्याची आशा धरता येत नाही. अर्काचा एक थेंब जगातल्या सगळ्या समुद्रांत मिसळला, तरी ते पाणी माझ्या गोळीपेक्षा कितीतरी तिखट निघेल. माझ्या पुडीत मिरची नव्हतीच. साखर होती.

मिरची खरोखर काय करते, हे नंतरच्या काळात नीट उलगडलं. तिच्यातलं कॅप्सेसिन आपल्या नसांतल्या उष्णता ओळखणाऱ्या कणालाच चेतवतं, म्हणून जीभ न भाजताही भाजल्यासारखी वाटते. ते शोधून काढणाऱ्या डेव्हिड ज्यूलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. ती बातमी वाचली तेव्हा मला आक्काचा घोगरा आवाज आठवला. कुणाला भूत वाटावं असं त्या धुरात काही नव्हतं. डोळ्यांची, नाकाची आणि घशाची आग होती, आणि कोंडलेल्या धुरात ती आग माणसाचा श्वास अडकवू शकते.

मग मी बरा कशानं झालो? डॉक्टरांचा गोळीवर शेवटपर्यंत विश्वास होता आणि मी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्यांच्याबद्दल एक सांगायला हवं. आमच्या बोर्डिंगातल्या एका पोराचा ताप उतरेना, तेव्हा त्याला बघताच त्यांनी पुडी बांधली नाही. "याला आत्ताच्या आत्ता थोरल्या दवाखान्यात न्या," म्हणाले, आणि टांग्याचं भाडं स्वतःच्या खिशातून दिलं. कुठं थांबायचं, हे त्यांना कळत होतं. गोळ्यांच्या भरवशावर मोठं दुखणं अंगावर काढलेली माणसं मी पुढं पाहिली, तेव्हा त्या टांग्याची आठवण व्हायची.

माझं दुखणं तसलं नव्हतं. त्या दुपारी एका परक्या माणसानं मला विचारलं, मी सांगितलं, त्यानं लिहून घेतलं आणि ते खरं दुखणं आहे म्हणाला. सर रोज झोपेची चौकशी करायला लागले. कागलकडचा दोस्त मिळाला. थोडे दिवसही गेले. साखरेची गोळी या सगळ्याच्या मधे सकाळी जिभेवर विरघळत होती.

*

हे सगळं मी आक्काला सांगितलं. ती आता सत्तरीला टेकली आहे. दाजी गेले. घरी कांडपाचं यंत्र आहे, थोरला मुलगा चालवतो. भाताच्या त्या मुलखात तिच्या चटणीला नाव आहे. उन्हाळ्यात लांबून बाया मिरच्या घेऊन येतात.

ती देठ खुडत होती. मी म्हणालो, "आक्का, पंचमीला तुला ती गोड गोळी दिलती बघ, ती मिरचीची हुती." तिनं हात थांबवले.

"म्हंजे तुला बी मिरचीच दिली आन् मला बी मिरचीच."

"व्हय की."

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग एक मिरची उचलून तिचा देठ मोडत म्हणाली, "तुला इचारून दिली."

मला खाली बघावं लागलं. दुखणं एकच होतं. गाल तसेच, जागरण तसंच, वाटेकडं डोळे लावणं तसंच. मला आई-बाप सोडून राहावं लागलं, तर सरांनी डॉक्टर शोधला. आक्काला राहावं लागलं, तर ती रीत होती. आमच्या आईलाही तसंच राहावं लागलं असणार, आणि आज्जीलाही. त्या जात्यावर बसून गायच्या आणि आम्ही त्याला गाणी म्हणायचो. आईला तिचं माहेर आठवतं का, हे मी कधी विचारलं नाही. ती गेली तेव्हा हे लक्षात आलं.

मी विषय बदलावा म्हणून म्हणालो, "आक्का, तुला म्हायताय का, ही मिरची बी परकीच. कोलंबसानंतर अमेरिकेतनं निघाली, पोर्तुगीजांनी जहाजातनं गोव्याला आणली. त्याच्या आधी आपल्याकडं नुसतं मिरं हुतं." घाट उतरलं की गोवा, आणि आमच्या आज्ज्या-पणज्यांना वाटायचं, मिरची आमचीच.

"मग लई दिस लागलं आसतील तिला रुळायला," आक्का म्हणाली.

तिच्या घरात दोन सुना आहेत. थोरलीचं लग्न झालं, त्या पहिल्या आखाडात भाताची रोपलावणी ऐन जोरात होती. आक्कानं स्वतः गडी लावले आणि सुनेला माहेरी धाडलं. धाकटी विदर्भाकडची. तिला इकडची चटणी सोसत नव्हती. आक्कानं तिला आल्या आल्या विचारलं होतं, तुमच्याकडं तिखट कसं करतात, आणि तिच्या आईकडनं मसाला मागवून वेगळी बरणी भरून ठेवली. ती बरणी अजून फळीवर असते. तिच्यात दुसरं काही कुणी ओतत नाही.

मी निघताना आक्कानं नेहमीप्रमाणं चटणीचा डबा हातात दिला. प्लॅस्टिकचा आता, वर घट्ट झाकणाचा. माझी नात यंदा पुण्याला शिकायला गेली आहे, हे तिला ठाऊक होतं. तिनं दुसरा डबा काढला, त्याच्यावर फडकं बांधलं आणि म्हणाली, "ह्यो पोरीला. आन् नुसता डबा धाडू नगंस. जाऊन बसून ये तिच्यापाशी."